दुसऱ्यांचा सामना

निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यात मे महिन्यात रात्री मोटरसायकलवरून निघालात, तर कुठेतरी नारळींच्या शेंड्यांवर पांढरा उजेड पसरलेला दिसतो. बहुतेक वेळा तो फुटबॉलचा असतो. जवळ गेलं की आधी लाउडस्पीकर ऐकू येतो, मग रस्त्याच्या कडेला आडव्यातिडव्या लावलेल्या स्कूटर दिसतात, आणि माणसांच्या दोन-तीन रांगांमधून मान काढली की शेवटी चेंडू दिसतो.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘दुसऱ्याच्या अंगणात’, तेव्हा मला हा उजेड आठवला. आपला संघ खेळत नसताना मैदानावर जाणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय. मीही त्यांच्यातलाच. ही माणसं का जातात आणि काय बघतात, याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. लिहिलं जातं ते समर्थकांबद्दल: रंगवलेले चेहरे, ढोल, हारल्यावरचे अश्रू. ज्याचं काही पणाला लागलेलं नाही असा माणूस दोन तास उभा राहतो, त्याची दखल कुणी घेत नाही.

अशाच एका रात्री उपांत्य फेरी होती. दोन्ही संघ माझ्या गावचे नव्हते. शेजारच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. मी विचारलं, “अंकल, तुमची टीम कुठली?”

“आमची परवाच गेली घरी,” ते म्हणाले. “म्हणून आम्ही पण घरी बसायचं काय?”

वसईतल्या या स्पर्धा कशा चालतात ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मैदान बहुधा चर्चचं किंवा शाळेचं. भरवणारं मंडळ गावचं. संघ कधी सात जणांचा, कधी नऊ जणांचा, मैदान जेवढं मावेल तेवढा. प्रवेश फी भरायची, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, हरला तो बाहेर. सगळ्यात मोठा वाद असतो बाहेरच्या खेळाडूंचा. काही स्पर्धांत संघात गावचाच मुलगा लागतो, काहींत एक-दोन पाहुणे चालतात. चालतात तिथे मुंबईहून कुणीतरी बॅग खांद्याला लावून लोकलने येतो, दोन सामने खेळतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. लाउडस्पीकरवरचा माणूस मराठीतून सुरू करतो, रंगात आला की गावच्या बोलीत शिरतो, आणि मध्येच कुणाची तरी गाडी रस्त्यात आली आहे हे सांगतो. मैदानाच्या एका बाजूला बावखल, म्हणजे तळं, असेल, तर लांब बांबूला जाळी बांधून एक पोरगा तिथे उभा केलेला असतो. चेंडू पाण्यात गेला की त्याचं काम सुरू.

अंकलनी मला त्या सामन्यात एक गोष्ट दाखवली. “तो निळा डावा बॅक बघ,” ते म्हणाले. “चेंडू त्याच्याकडे नसतो ना, तेव्हा बघ.” मी चेंडू सोडून त्या पोराकडे बघत राहिलो. खेळ पार उजव्या कोपऱ्यात चालला होता. हा मात्र हळूहळू आत सरकत होता, दोनदा मान मागे वळवून आपल्यामागे कोण आहे ते बघून घेत होता. तिकडून लांब चेंडू आला तेव्हा तो जिथे पडणार तिथे हा आधीच उभा होता. टाळ्या पडल्या नाहीत, कारण काही घडलंच नव्हतं. त्याने घडू दिलं नव्हतं. त्या संघात माझा भाऊ किंवा भाचा असता, तर माझी नजर चेंडूला चिकटलेली राहिली असती आणि हा पोरगा मला दिसलाच नसता.

टीव्हीतला क्लब

वसई-विरारच्या कुठल्याही विशीतल्या फुटबॉलवेड्या मुलाला त्याचा क्लब विचारा. उत्तर येईल लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, बार्सिलोना, रिअल माद्रिद. त्या क्लबचा राखीव गोलकीपर कोण, हेही तो सांगेल. मध्यरात्रीनंतर उठून सामने बघेल आणि सकाळी डोळे चोळत विरारहून लोकल पकडेल. त्याचं प्रेम खरं आहे, त्याची टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्या क्लबचा सामना त्याने मैदानात बसून पाहिलेला नसतो, आणि बहुतेकांच्या नशिबी तो येणारही नाही.

म्हणजे असं, की इथल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला जवळजवळ प्रत्येक मोठा सामना दुसऱ्यांचा असतो. वसईत व्यावसायिक क्लब नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याच वर्षी मुंबई सिटी एफसी स्थापन झाली. पण जिल्ह्याच्या नकाशात ती नाही, खाडीपलीकडची आहे. आमच्या नशिबी गावची टीम आणि टीव्हीतली टीम, या दोघींच्या मधली जागा रिकामी. ती जागा आम्ही इतरांचे सामने बघून भरत आलो.

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात भारताने चिनी तैपेईला ५–० हरवलं. सुनील छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलसमोर उभं राहून लोकांना हात जोडले. त्यात त्याने युरोपच्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना मुद्दाम हाक मारली: आमचा दर्जा तिथला नाही हे मान्य, शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा देशासाठी शंभरावा होता. धो धो पावसात स्टेडियम भरलं, भारत ३–० जिंकला, छेत्रीचे दोन गोल. त्याने हाक मारली होती ती नेमकी आमच्या मधल्या रिकाम्या जागेला.

कूपरेजवरचे पाहुणे

वयस्कर वसईकरांच्या बोलण्यात मात्र कूपरेज येतं. चर्चगेटला उतरून चालत जायचं, मंत्रालयाजवळचं ते मैदान. तिथे रोव्हर्स कप खेळला जायचा. १८९१ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तो गोऱ्या पलटणींचा खेळ होता. जिंकणारा पहिला भारतीय संघ १९३७ सालचा बंगलोर मुस्लिम्स. मग १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी कप नेला, सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली. मोहन बगान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग वर्षानुवर्षं येत राहिले.

या नावांमध्ये मुंबई कुठे आहे? होती, पण कंपन्यांच्या रूपात. १९५८ साली कप जिंकणारं कॅलटेक्स हे तेलकंपनीचं. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र हे नोकरी देणारे संघ होते. खेळाडूला पगार, बोनस, बढती मिळायची, आणि खेळ संपल्यावर टेबल-खुर्ची. त्या नोकऱ्यांनी कितीतरी घरं उभी केली. पण गिरणीचा किंवा विमान कंपनीचा झेंडा घेऊन कोण नाचणार? त्या कंपनीत नसलेला माणूस तिचा समर्थक व्हायचा तरी कसा?

म्हणून मुंबईच्या मैदानावरचा प्रेक्षक घडला तो पाहुण्यांचा खेळ बघत. कलकत्त्याचे क्लब खेळायला आले की मुंबईतले बंगाली बाबू यायचेच, पण उरलेल्या पायऱ्या भरायच्या गिरणगावातल्या, माहीम-वांद्र्यातल्या आणि लोकलने आलेल्या लोकांनी. हैदराबादची छोट्या पासांची वीण बघायला हैदराबादचं असण्याची गरज नव्हती. एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने मला सांगितलं, “आम्ही जिंकण्यासाठी जातच नव्हतो रे. कोण चांगला खेळतो ते बघायला जायचो, आणि विरारपर्यंत त्यावर भांडायचो.”

२०००-०१ मध्ये रोव्हर्स कप शेवटचा खेळला गेला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. २००७ मध्ये उभी राहिलेली मुंबई एफसी दहा वर्षांत मिटली. कुणी या संघांवर जीव लावला असेल तर त्याने तो दर वेळी गमावला. जो फक्त खेळ बघायला जात होता, तो पुढच्या सामन्याला गेला. मुंबईतलं फुटबॉल टिकलं ते निष्ठेपेक्षा या सवयीवर, असं माझं मत आहे, आणि ते कुणाला रुचो न रुचो.

अंधेरीला उतरणारे पिवळे

इंडियन सुपर लीगमध्ये केरळा ब्लास्टर्सचा सामना अंधेरीला असला की दुपारनंतर वसई रोड स्टेशनवर ते कळतं. वसई-नालासोपाऱ्यात मल्याळी वस्ती मोठी आहे. नेहमीच्या गर्दीत पिवळे टी-शर्ट दिसू लागतात, पोरांचे, बापांचे, कडेवरच्या बाळाचेसुद्धा. नायगाव गेलं, खाडीचा पूल आला की डब्यात गाणं सुरू होतं. अंधेरीला उतरून मेट्रोने आझाद नगर, तिथून चालत. मुंबई सिटीचं हे घर २०१६ पासूनचं. पहिली दोन वर्षं ती नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळली. अंधेरीचं स्टेडियम छोटं, त्यामुळे प्रेक्षक गवताच्या अगदी जवळ. खेळाडू एकमेकांवर ओरडतात ते ऐकू येतं, आणि मला वाटतं टीव्ही जे कधीच देऊ शकत नाही ते हेच आहे.

मी गेलो त्या सामन्यात यजमान निळे आणि पाहुणे पिवळे, आणि मी पांढऱ्या शर्टात. हा रंग विचारपूर्वक घालायचा असतो. पाहुण्यांच्या रंगाचा शर्ट घालून यजमानांच्या स्टँडमध्ये बसता येत नाही, दारावरच अडवतात. पाण्याची बाटली, सुटी नाणी, पॉवर बँक बाहेर ठेवावी लागते, म्हणून जाणता माणूस खिशात नोटा आणि मोबाइल एवढंच घेऊन जातो. तिकीट घेतानाच बघायचं, की ढोलवाल्यांच्या बाजूची जागा हवी की लांबची. ढोलवाल्यांजवळ बसलात तर नव्वद मिनिटं उभं राहावं लागतं, आणि गोल झाल्यावर तुम्ही उठला नाहीत तर मागचा खांद्यावर हात ठेवून कारण विचारतो.

मी लांबची जागा घेतली. मुंबई सिटी तेव्हा पैशाने भक्कम संघ, २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी त्यात मोठा हिस्सा घेतला, आणि २०२०-२१ मध्ये तिने लीगची शिल्ड आणि कप दोन्ही नेले. पण मला खिळवून ठेवलं ते पिवळ्यांच्या स्टँडने. संघ मागे असताना त्यांचा आवाज वाढत होता. माझ्या पुढे बसलेल्या मराठी कुटुंबातल्या आईने मुलाला सांगितलं, “बघ, हरत असताना कसं ओरडायचं ते.” तो मुलगा निळ्या शर्टात होता.

पाहुणा प्रेक्षक कधी कधी एका नावासाठीही येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदीचा अल हिलाल आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी नेरूळला आला. नेमार त्यांच्याकडे होता, आणि गट जाहीर झाल्यापासून लोक तिकिटांमागे होते. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला आणि तो आलाच नाही. अल हिलालने २–० जिंकलं. नेमार नसतानाही जे गेले त्यांना आशियातल्या एका बलाढ्य संघाची शिस्त जवळून दिसली: दोन गोलांनी पुढे असतानाही चेंडू गेला की तीन जण धावत सुटायचे.

त्याच मैदानावर २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला. भारताचे तिन्ही गटसामने दिल्लीला होते. नेरूळला आले पॅराग्वे, माली, तुर्कस्तान, न्यूझीलंड. मालीचा कोणता खेळाडू कोण, हे पायऱ्यांवर कुणाला ठाऊक नव्हतं. उपांत्य सामन्यात माली स्पेनकडून ३–१ हरलं, पण त्या पोरांचा वेग पाहिलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात.

“पाव्हणं, कुणाचं तुम्ही?”

हा विषय कोल्हापूरला गेल्याशिवाय पुरा होत नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरलो, दुपारी राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसलो. तिथे फुटबॉल तालमींचा आहे. शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ, मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम, शिवाय दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. ज्या तालमीच्या मातीत आजोबांनी लंगोट कसला, तिच्याच नावाने नातू शॉर्ट्स घालून खेळतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि तिच्यानंतरच्या बाद फेरीच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत शहराला कामाला लावतात. अनिकेत जाधव हा २०१७ च्या विश्वचषकातल्या भारतीय संघाचा खेळाडू याच शहराचा.

बसल्या बसल्या शेजारच्याने विचारलं, “पाव्हणं, कुणाचं तुम्ही?”

“कुणाचाच नाही. वसईहून आलोय बघायला.”

तो सरकला, गमछ्याने पायरी झटकली. “बसा मग हिकडं. तिकडं बसू नगा, तिकडं पोरं तापल्यात.” तोही त्या दिवशीच्या दोन्ही तालमींचा नव्हता. “आज आमची म्याच न्हाई. पण ह्यातलं एक पुढच्या आठवड्यात आमच्यासमोर येणार हाय. तवा बघून ठेवायचं.” त्याच्यासारखे पुष्कळ होते. नव्याने आणलेल्या परदेशी खेळाडूचा डावा पाय कसा आहे, गोलकीपर उंच चेंडूला बाहेर येतो की नाही, याची चर्चा चालली होती. त्यांची तालीम हरली तर रात्री जेवणार नाहीत अशी ही माणसं, त्या दिवशी मात्र एखाद्या परीक्षकासारखी शांत डोक्याने खेळ तोलत होती. समोरच्याने सुरेख गोल केला तेव्हा माझा शेजारी हात चोळत म्हणाला, “वाईट झालं. पण गोल बघा की राव, काय हाय!”

कोल्हापूरच्या फुटबॉलला हुल्लडबाजीचं ग्रहण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दगड भिरकावले गेले आहेत, सामने थांबले आहेत, पोलिसांच्या बंदोबस्ताशिवाय मोठी लढत होत नाही. माझ्या पाहण्यातून मला एवढं दिसलं, की दोन पेठांच्या मधल्या पायऱ्यांवर जोवर तिसरी-चौथी तालीम बसलेली असते, तोवर मैदानात बोलणं चालू राहतं. अंतिम सामन्याला ही माणसं कमी होतात, कारण जागा दोन पेठांनीच व्यापलेली असते, आणि मग वातावरण कडक होतं. आयोजकांनी पायऱ्यांचा एक भाग अशा त्रयस्थांसाठी राखावा, हे मी तिथल्या दोघा-तिघांना बोलून दाखवलं. त्यांना ते पटलं. कोण बसणार त्यात, यावर मात्र लगेच वाद सुरू झाला.

इंग्लंडमध्ये अशा प्रेक्षकांना मान आहे. वरच्या चार विभागांतली ब्याण्णव मैदानं पाहून झालेल्यांचा तिथे एक क्लबच आहे, १९७८ पासूनचा. आणि २०१० पासून वर्षातला एक दिवस नॉन-लीग डे म्हणून पाळतात. मोठ्या क्लबांचे सामने नसलेल्या शनिवारी त्यांच्या चाहत्यांनी जवळच्या छोट्या क्लबच्या मैदानावर जावं, तिकीट काढावं, चहा प्यावा. छोट्या क्लबला त्या एका दिवसाच्या गल्ल्याने हातभार लागतो.

जाळीच्या आत

आपल्याकडे हे कुठे घडेल? गेल्या काही वर्षांत वसई-विरारमध्ये टर्फ उगवले. हिरवं कृत्रिम गवत, वर जाळी, बाजूंना जाळी, तासावर भाडं. नोकरीवरून रात्री उशिरा येणाऱ्या मुलांना त्यांनी खेळायला जागा दिली, पावसाळ्यातही खेळ चालू ठेवला, आणि मुलींनाही तिथे बिनधास्त खेळता येतं. हे सगळं चांगलं आहे.

पण टर्फवर उभं राहायला जागा नाही. खेळणारे आत, पुढच्या तासाचे वाट बघणारे दाराशी, आणि बाकीच्यांना तिथे काही काम नाही. जाळीला नाक लावून बघणाऱ्या पोराला, खेळायचं नसेल तर निघ, असं सांगितलं जातं. मी पाहिलंय. मैदानाला हद्द असते आणि हद्दीबाहेर गाव असतं: सायकल टेकवून थांबलेला दूधवाला, शाळेतून परतणारी पोरं, बाकावरचे म्हातारे. खेळ असा येता-जाता दिसतो तेव्हा पुढचा खेळाडू तयार होतो. भाडं भरून खेळणाऱ्या दहा जणांखेरीज जो खेळ कुणी पाहत नाही, तो त्या दहा जणांबरोबरच संपतो. महापालिकेने आरक्षित मैदानं मोकळी ठेवावीत ही मागणी जुनी आहे. तिच्यात मला एक साधी भर घालायची आहे: मैदान द्याल तिथे कडेने चार सिमेंटच्या पायऱ्या द्या, आणि या आठवड्यात कोणाचा सामना कोणाशी, हे लिहायला एक फळा.

या लेखासाठी पाहिलेला शेवटचा सामना मुलींचा होता, पाऊस तोंडावर आला असताना. चार संघांची छोटी स्पर्धा. प्रेक्षक म्हणजे आया, मावश्या, दोन नन्स. पहिला सामना हरलेल्या संघाला न्यायला टेम्पो यायचा होता आणि तो आला नव्हता, म्हणून त्या मुलींच्या आया नाइलाजाने दुसरा सामना बघत बसल्या. पहिली दहा मिनिटं त्या आपसात बोलत होत्या. मग एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. गोलमध्ये एक लहानखुरी मुलगी होती, हातमोजे तिला मोठे झाले होते, आणि ती प्रत्येक चेंडूवर झेपावत होती. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. “ए एक नंबर! पुढे ये, पुढे ये!” एक बाई ओरडल्या. मग दुसऱ्या, मग सगळ्याच. बरोबरी झाली आणि पेनल्टी आल्या तेव्हा आयांची ती रांग उठून थेट गोलमागे जाऊन उभी राहिली, त्यांच्या हरलेल्या मुलीही मागोमाग. रेफ्रींनी त्यांना दोनदा मागे सारलं.

टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. तिसरी पेनल्टी एक नंबरने पायाने अडवली होती, आणि चौथी घ्यायला मुलगी चेंडू ठेवत होती. ड्रायव्हरने आणखी एकदा हॉर्न दिला, मग इंजिन बंद करून उतरला आणि विचारू लागला, “किती झाले? कोण मारतंय?”